भागीदार म्हणता, तर वस्तीला नकाराचा अधिकारही द्या

प्रति,
सर्व विद्यापीठांचे कुलगुरू, अधिष्ठाता, विस्तारकार्य विभागांचे प्रमुख आणि संशोधनाला निधी देणाऱ्या मंडळांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या वार्षिक अहवालात ‘समुदायाशी भागीदारी’ असे एक प्रकरण हमखास असते. किती विद्यार्थी किती वस्त्यांत गेले, त्यांनी किती तास काम केले, किती सामंजस्य करार झाले, याचे तक्ते त्यात असतात. एक आकडा मात्र मला अशा कुठल्याच अहवालात सापडलेला नाही. वस्तीने आपल्याला किती वेळा ‘हे काम नको’ असे सांगितले आणि तेवढ्यावरून आपण थांबलात, तो आकडा.

मी वस्तीपातळीवरच्या संघटनांबरोबर काम करते. विद्यार्थी, प्राध्यापक आणि वस्तीतली माणसे एकत्र बसतात त्या बैठकांत मी दोन्ही बाजूंनी बसले आहे. हे उपक्रम बंद पडावेत असे मला मुळीच वाटत नाही. विद्यापीठाकडे प्रयोगशाळा आहे, ग्रंथालय आहे, कायदा आणि हिशेब जाणणारी माणसे आहेत, आणि ज्यांच्या दाराशी प्रश्न उभा आहे त्यांच्याकडे यातले बहुधा काहीच नसते. म्हणूनच ही भागीदारी खरी व्हावी अशी माझी तळमळ आहे, आणि ती खरी होण्यासाठी आपल्याला एक अधिकार हातातून सोडावा लागेल, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

ही कल्पना नवी नाही. १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने टॉयन्बी हॉल उघडला आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण गरीब वस्तीत राहायला आले. १९१८ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाविरुद्ध बंड केले. त्या चळवळीतून समाजाशी नाते हे विद्यापीठाचे कर्तव्यच आहे, हा आग्रह सगळ्या लॅटिन अमेरिकेत पसरला. १९७७ मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा आणि त्यांचे सहकारी जगभरच्या अभ्यासकांसह जमले आणि लोकांबरोबर, लोकांच्या कृतीसाठी संशोधन कसे करायचे यावर त्यांनी खल केला. त्याच वर्षी भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्याला तिसरे स्थान दिले. पुढे २००५ मध्ये फ्रान्समधल्या ताल्वार इथे अनेक देशांच्या विद्यापीठप्रमुखांनी सामाजिक जबाबदारीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. घोषणांची उणीव कधीच नव्हती.

मग अडते कुठे? युनेस्कोच्या समुदायाधारित संशोधन अध्यासनाने अशा भागीदाऱ्यांची जागतिक पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ज्ञान दोघांनी मिळून घडवायचे यावर विश्वास असल्याचे जवळजवळ सगळ्यांनीच, ९५ टक्क्यांहून अधिक उत्तरदात्यांनी, सांगितले. पण प्रत्यक्षात भागीदारीची सुरुवात समुदायाकडून झाल्याचे सांगणारे १५ टक्केसुद्धा नव्हते. या दोन आकड्यांमधल्या दरीत माझे सगळे म्हणणे आहे. विश्वास आहे, पण पहिले पाऊल कुणी टाकायचे हे आपणच ठरवता. प्रश्न आपला, वेळापत्रक आपले, निधीचा अर्ज आपला. वस्तीला बोलावणे येते ते सगळे ठरून झाल्यावर, सहीपुरते.

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. आपल्याकडे समाजकार्य शिकवताना ती फळ्यावर काढली जातेच. त्या शिडीवर लोकांना माहिती देणे तिसऱ्या पायरीवर आहे, त्यांचे मत विचारणे चौथ्या. दोन्हींना आर्नस्टाइन यांनी देखाव्याच्या पायऱ्यांतच धरले आहे, कारण मत विचारले तरी ते मानण्याचे बंधन कुणावर नसते. भागीदारी येते सहाव्या पायरीवर, निर्णय वाटून घेतला जातो तिथे. आपल्या बहुतेक उपक्रमांत वस्तीची बैठक होते, चहापाणी होते, सूचना लिहून घेतल्या जातात आणि काम आधी ठरले होते तसेच होते. आपण चौथ्या पायरीवर उभे आहात आणि करारावर सहावीचे नाव लिहिलेले आहे.

यात आपल्या प्राध्यापकांचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. गाडा रुतला आहे तो वेळापत्रकात. सत्र चार-पाच महिन्यांचे. त्यातला पहिला महिना ओळखी होण्यात जातो आणि शेवटचा परीक्षेत. उरलेल्या वेळात विद्यार्थ्याला प्रश्न समजून घ्यायचा, काम करायचे, अहवाल लिहायचा आणि श्रेयांक मिळवायचे. पुढच्या सत्रात नवी तुकडी येते आणि वस्तीतल्या त्याच बाई तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून सांगतात. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात रँडी स्टोकर आणि एलिझाबेथ ट्रायॉन यांनी साठाहून अधिक स्थानिक संस्थांच्या कार्यकर्त्यांना विचारले की, हे विद्यार्थी येतात तेव्हा तुम्हाला काय अनुभव येतो? हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. थोड्या तासांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात, सांभाळण्यात, त्यांची मूल्यमापनाची कागदपत्रे भरण्यात संस्थांचा जो वेळ जातो, तो परत मिळणाऱ्या कामाच्या मानाने भारी पडतो, असे त्यांना अनेकांनी सांगितले. तरीही संस्था ‘हो’ म्हणत राहतात. उद्याची पिढी तयार व्हावी ही त्यांची कळकळ असते, आणि विद्यापीठाला दुखवून चालणार नाही ही धास्तीही असते. ज्या होकारामागे धास्ती आहे, तो आपण संमती म्हणून मोजता.

नकाराला जागा नसली की काय होते, याचे सगळ्यात भयंकर उदाहरण जगाला माहीत आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना तो आजार होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले गेले नाही, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार हाती आल्यावरही तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. या कामाला परिसरातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्याच शिक्षणसंस्थेचे सहकार्य होते. लोकांचा विश्वास बसला तो त्या आपल्या वाटणाऱ्या संस्थेमुळेही. विश्वास मिळवून देणारी संस्था होती, पण विश्वासघाताची वेळ आली तर काम थांबवू शकेल असे त्या माणसांच्या हातात काही नव्हते.

हे फार जुने झाले असे म्हणाल, तर हवासुपाई जमातीकडे पाहा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारी ही छोटी मूलनिवासी जमात मधुमेहाने त्रस्त होती. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी की, हे मधुमेहासाठी आहे. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, जमातीतली जवळच्या नात्यांतली लग्ने आणि पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांच्या अभ्यासांत वापरले गेले. २००३ मध्ये जमातीतली एक विद्यार्थिनी त्याच विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली असताना हे उघड झाले. आपला उगम इथलाच, या कॅन्यनमधलाच, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तातून न विचारता त्याविरुद्धचा निष्कर्ष काढला गेला होता. जमातीने त्या विद्यापीठाच्या संशोधकांना आपल्या भूमीवर बंदी घातली. २०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाने ४१ सदस्यांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. मधुमेहाने पछाडलेल्या लोकांचा विद्यापीठावरचा विश्वास उडाला, हे नुकसान त्या रकमेत मोजलेले नाही. नकार देण्याची वाट आधीच करारात असती, तर तो इतक्या उशिरा, न्यायालयाच्या दारातून द्यावा लागला नसता.

आता उलट बाजूने पाहू, कारण हे जमते याचे दाखले आहेत.

कॅनडातल्या माँट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक मूलनिवासींच्या वस्तीत १९९४ पासून शाळांमधून मधुमेह रोखण्याचा प्रकल्प चालला. माँट्रियलमधल्या विद्यापीठांचे संशोधक त्यात होते, पण सूत्रे वस्तीच्या सल्लागार मंडळाकडे होती. सुरुवातीलाच त्यांनी एकत्र बसून संशोधनाची आचारसंहिता लिहून काढली. निष्कर्ष आधी वस्तीला सांगायचे, मग बाहेर. संशोधक आणि वस्ती यांच्यात निष्कर्षाच्या अर्थावरून मतभेद झाला आणि तो मिटला नाही, तर दोन्ही म्हणणी छापायची. संशोधकाला गप्प बसवायचे नाही आणि वस्तीलाही नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. भांडण होणार हे तिने आधीच गृहीत धरले आहे आणि त्यासाठी जागा राखून ठेवली आहे. आपल्या करारांत भांडणाची जागाच नसते. सगळीकडे ‘परस्पर सहकार्य’ आणि ‘सौहार्द’ असते, आणि मतभेद झाला की ज्याच्याकडे लेटरहेड त्याचे खरे ठरते.

कॅनडातल्याच मूलनिवासी समूहांनी १९९८ मध्ये माहितीबद्दलची चार तत्त्वे मांडली: माहितीची मालकी आमची, तिच्यावरचे नियंत्रण आमचे, ती पाहण्याचा हक्क आमचा आणि ती ठेवण्याचा हक्कही आमचा. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूलनिवासी समुदायाने २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-संहिता जाहीर केली. तिच्यात आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी या मूल्यांबरोबर एक साधी अट आहे: ठरलेली प्रक्रिया पाळा, आमच्या मंडळाला आधी विचारा. हे दस्तऐवज ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांनी लिहिले आहेत, विद्यापीठांनी नव्हे, हे मुद्दाम लक्षात आणून देते.

कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या किशोरवयीन मुला-मुलींनी बर्कली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर एक अभ्यास केला. रोजच्या वापरातल्या सौंदर्यप्रसाधनांतून शरीरात जाणाऱ्या रसायनांचा. १०० मुलींनी आपली नेहमीची प्रसाधने बाजूला ठेवून ती रसायने नसलेली प्रसाधने तीन दिवस वापरली. आधी आणि नंतर लघवीची तपासणी झाली. तेवढ्यात मिथाइल पॅराबेनचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसानचे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यातली दोन रसायने कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तेही लपवले नाही. अभ्यासाची आखणी, मुलींशी बोलणे, लोकांना निष्कर्ष समजावणे या सगळ्यांत ही मुले होती. विज्ञान सैल झाले नाही. उलट प्रश्न विचारणारी मुले त्या मुलींच्याच समाजातली होती.

आणि नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांतून सुरू झालेली ‘विज्ञान दुकाने’. इथे प्रवाहच उलटा. नागरिकांचा गट स्वतःचा प्रश्न घेऊन विद्यापीठाच्या दारात येतो: कारखान्याच्या धुराचा, पाण्याच्या वासाचा, कामाच्या जागेवरच्या आजाराचा. अटी थोड्याच होत्या. गटाकडे संशोधन विकत घेण्याइतके पैसे नसावेत, हेतू नफ्याचा नसावा आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग करण्याची त्याची तयारी असावी. मग विद्यार्थी आणि प्राध्यापक तो प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात घेतात. हे प्रारूप पुढे बऱ्याच देशांत गेले. काही केंद्रे पैसे आटल्यावर बंदही पडली, आणि ती बंद करताना ज्यांच्यासाठी ती होती त्यांना कुणी विचारले असेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडून तीन आक्षेप येतात. त्यातला एक मला गंभीर वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबते. ‘वस्ती म्हणजे नक्की कोण?’ वस्तीत पुढारी असतात, मोठ्याने बोलणारे असतात, आणि बायका, भाडेकरू, स्थलांतरित, अपंग, खालच्या मानल्या गेलेल्या घरांतली माणसे गप्प असतात. नकाराचा अधिकार दिला तर तो पुढाऱ्याच्या खिशात जाईल आणि घरातल्या हिंसेवरचा किंवा मजुरीच्या लुबाडणुकीवरचा अभ्यास तोच अडवेल. ही भीती खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र अधिकार विद्यापीठाकडे ठेवणे हा नाही. आज आपण परवानगी कुणाकडून घेता? त्याच पुढाऱ्याकडून, कारण तो लवकर सही करतो. प्रश्न ज्यांच्या अंगावर आहे त्यांचे वेगळे मंडळ हवे. घरकाम करणाऱ्या बायकांवर अभ्यास असेल तर घरकाम करणाऱ्या बायकांचे, आणि त्यांची बैठक त्यांच्या सोयीच्या वेळेला, त्यांच्या भाषेत, बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊन. असे मंडळ उभे राहायला सहा महिने लागतात. ते सहा महिने प्रकल्पाच्या मुदतीत धरा आणि त्यांना निधी द्या. ज्या प्रश्नात एक गट दुसऱ्यावर अन्याय करतो, तिथे अन्याय करणाऱ्याला नकाराधिकार मिळत नाही, हे करारातच लिहिता येते.

दुसरा आक्षेप शैक्षणिक स्वातंत्र्याचा. त्याचे उत्तर काहनावाकेने देऊन ठेवले आहे. तिसरा, वेळ लागतो हा. हो, लागतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. एका प्रकल्पात प्राध्यापकाला शोधनिबंध मिळतो, विद्यार्थ्याला श्रेयांक, विद्यापीठाला अनुदानातला व्यवस्थापन खर्चाचा वाटा आणि मानांकनात गुण. दारोदार हिंडून ओळख करून देणाऱ्या, सर्वेक्षकाला कुणाच्या घरी केव्हा जाऊ नये हे सांगणाऱ्या, अर्धवट उत्तरांमागचे खरे समजावणाऱ्या स्थानिक कार्यकर्तीला प्रमाणपत्र मिळते. तिच्या कामाला अंदाजपत्रकात ओळ नसते, कारण अर्जाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नसतो. निधी देणाऱ्या मंडळांनो, हा रकाना तुमच्या हातात आहे. एकूण रकमेतला ठराविक वाटा थेट वस्तीच्या संघटनेच्या खात्यात जाईल आणि तो कसा खर्च करायचा हे ती ठरवेल, अशी अट घाला. ज्याच्या हातात पैसा नाही त्याचा नकार फार काळ टिकत नाही.

प्राध्यापकांच्या पदोन्नतीचेही तसेच. वस्तीसाठी लिहिलेला सोप्या भाषेतला अहवाल, ज्याच्या आधारे नळाला स्वच्छ पाणी आले, त्याला शून्य गुण आणि कुणी न उघडलेल्या नियतकालिकातल्या लेखाला पूर्ण गुण, हे जोवर आहे तोवर चांगले तरुण प्राध्यापक एक-दोन वर्षे मन लावून काम करतील आणि मग नोकरी सांभाळायला परत जातील. अमेरिकेत २००६ पासून कार्नेगी वर्गीकरणात, म्हणजे तिथल्या उच्चशिक्षण संस्थांच्या वर्गवारीत, समुदायाशी असलेल्या कामासाठी विद्यापीठांना वेगळी मान्यता मिळते. संस्थेला मान मिळतो, ते काम करणाऱ्या माणसाला बढती मिळेलच असे नाही. यासाठी बाहेरून कुणाच्या परवानगीची गरज नाही. विद्यापरिषदेचा एक ठराव पुरतो.

एक गोष्ट अवघड आहे, तरी लिहिते. विद्यापीठ हे वस्तीचे नुसते शेजारी नसते, अनेकदा ते सगळ्यात मोठे जमीनमालक असते. फिलाडेल्फियात १९६० च्या दशकात ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची वस्ती शहर-पुनर्रचनेच्या नावाखाली हटवली गेली. त्यामागे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि आसपासच्या संस्थांचा विस्तार होता. हजारो लोक विस्थापित झाले. त्याच विद्यापीठाने १९९२ मध्ये शेजारच्या शाळांबरोबर काम करणारे केंद्र सुरू केले आणि ते आज जगभर नमुना म्हणून दाखवले जाते. त्या केंद्राचे काम चांगले आहे, मी ते खोटे म्हणत नाही. पण विस्तारकार्य विभाग वस्तीत संध्याकाळचे वर्ग चालवतो आणि मालमत्ता विभाग त्याच वस्तीची जमीन घेतो, आणि या दोघांची कधी बैठकच होत नाही, हे वस्तीला दिसते. तिच्या लेखी विद्यापीठ एकच आहे. म्हणून नकाराचा अधिकार सर्वेक्षणापुरता ठेवू नका. आपल्या बांधकामाचा, विस्ताराचा, भाडेवाढीचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांचेही त्या बैठकीत मत हवे, आणि त्या मताला वजन हवे.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या सामंजस्य करारात एक कलम घाला: काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वी, या तिन्ही टप्प्यांवर संबंधित लोकांच्या मंडळाला काम थांबवण्याचा किंवा आपले वेगळे म्हणणे सोबत छापून घेण्याचा हक्क राहील. नकार दिला म्हणून त्या वस्तीला विद्यापीठाची दुसरी कुठलीही सेवा, दवाखाना असो, कायदा सल्ला असो, कमी होणार नाही, हेही त्याच कलमात लिहा. गोळा केलेल्या माहितीची एक प्रत वस्तीकडे, वस्तीच्या भाषेत राहील. आणि वर्षाअखेरी अहवालात किती नकार आले, त्यांची कारणे काय होती आणि आपण त्यावर काय केले, ते छापा.

पहिल्या वर्षी त्या तक्त्यात बहुधा शून्य असेल. तसे झाले तर समाधान मानू नका. मंडळातल्या लोकांना विचारा की, त्यांना नाही म्हणता येते हे त्यांना कुणी सांगितले होते का, आणि सांगणारा कोण होता. हे विचारायला विद्यापीठाबाहेरचा माणूस पाठवा. कलमाचा मसुदा करायला आमच्या संघटना आपल्याबरोबर बसायला तयार आहेत. बैठक वस्तीत ठेवावी आणि संध्याकाळी सातनंतर, कारण त्याआधी बहुतेकजण कामावरून परतलेले नसतात.

आपली,
समुदाय-संशोधनात काम करणारी एक कार्यकर्ती